पालिकेच्या किल्ल्या आणि आमदारकी

जळगावात नेहरू चौकाच्या आसपास कुठलाही पत्ता विचारला, तर सांगणारा बहुधा ‘सतरा मजली’पासून सुरुवात करतो. महापालिकेची ही इमारत. नाव सरदार वल्लभभाई पटेल टॉवर, पण त्या नावाने तिला फारसे कुणी ओळखत नाही. ती उभी राहिली तेव्हा जळगावला महापालिका नव्हती, साधी नगरपालिका होती. पुण्या-नाशिकच्या महापालिका दोन-चार मजल्यांत कारभार करत असताना केळी, कापूस आणि सोन्याच्या व्यापारावर जगणाऱ्या एका जिल्ह्याच्या गावाने सतरा मजले चढवले. त्यातले किती मजले पालिकेला खरोखर लागतात, हा प्रश्न जळगावकर गमतीने विचारत आले आहेत. गंमत बाजूला ठेवली, तर खानदेशातल्या एका विशिष्ट राजकीय कारकिर्दीचा हा सिमेंटमधला पुरावा आहे.

नगरपालिकेत पाय रोवायचा आणि तिथून विधानसभेत जायचे, ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. मनोहर जोशी १९६८ मध्ये मुंबईत नगरसेवक झाले, १९७६ मध्ये महापौर आणि १९९५ मध्ये मुख्यमंत्री. देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये नागपूरचे नगरसेवक होते, १९९७ मध्ये महापौर झाले, १९९९ मध्ये आमदार. एकनाथ शिंदे १९९७ मध्ये ठाण्याचे नगरसेवक आणि २००४ मध्ये आमदार. मोठ्या शहरांत ही एक पायरी असते. माणूस वर जातो आणि पायरी दुसऱ्याला मोकळी होते, निदान कागदोपत्री तरी. जळगाव-धुळ्यात मात्र गोष्ट वेगळी घडली. इथला माणूस आमदार झाला, मंत्री झाला, पण पालिकेच्या किल्ल्या त्याने खिशातच ठेवल्या.

या पालिकांचा जन्म मुळात लोकांच्या इच्छेने झालेला नाही. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्ज खानदेशात आला. त्याने धुळ्याला मुख्य ठाणे केले आणि सरळ रेषेतल्या रस्त्यांची वसाहत आखली. धुळ्याची नगरपालिका १८६२ ची, जळगावची १८६४ ची. तो काळ कापसाचा होता. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि खानदेशच्या काळ्या मातीला अचानक भाव आला. त्याच दशकात रेल्वे आली. तोवर धुळ्याच्या सावलीत असलेले जळगाव रेल्वेच्या बळावर कापसाची मोठी पेठ बनले आणि पुढे तिथे कापड गिरणीही निघाली. मेहरूणच्या तलावातून गावात पाणी आणणे हे या नव्या पालिकेचे सुरुवातीचे मोठे काम.

सुरुवातीच्या पालिकांत बसत ते सरकारी अंमलदार आणि सरकारने नेमलेले व्यापारी-सावकार. लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर निवडून आलेले सभासद येऊ लागले, पण मत द्यायचा हक्क घरपट्टी भरणाऱ्या मूठभरांना होता. तरीही याच मर्यादित सभागृहांतून देशातले मोठे नेते तयार झाले. वल्लभभाई पटेल १९२४ ते १९२८ अहमदाबाद पालिकेचे अध्यक्ष होते, जवाहरलाल नेहरू १९२३ ते १९२५ अलाहाबादचे. गटार, पाणी, जकात आणि शाळा यांचा हिशेब त्यांनी आधी केला, स्वराज्याचा नंतर.

खानदेशात मात्र राष्ट्रीय चळवळीचा सर्वांत मोठा सोहळा शहरात झालाच नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन पहिल्यांदा खेड्यात भरले, ते यावल तालुक्यातल्या फैजपूरला. अध्यक्ष नेहरू होते आणि गांधीजी हजर होते. अधिवेशनासाठी वसवलेल्या नगराला टिळकनगर नाव दिले होते. हजारोंच्या राहण्याची, पाण्याची आणि स्वच्छतेची व्यवस्था धनाजी नाना चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. एका अर्थाने ती काही दिवसांची, कुणाकडूनही कर न घेणारी नगरपालिकाच होती. धनाजी नानांचे चिरंजीव मधुकरराव ऊर्फ बाळासाहेब चौधरी पुढे राज्याचे शिक्षणमंत्री झाले आणि १९९० ते १९९५ या काळात विधानसभेचे अध्यक्ष. त्यांचे गाव खिरोदा. जिल्ह्यातले पहिल्या पिढीचे बरेच वजनदार पुढारी असे गावाकडून, सहकारातून, शिक्षणसंस्थांतून आले. शहरातल्या पालिकेला त्यांनी दुय्यम मानले, असे आज मागे वळून पाहता वाटते.

१९६२ ची निवडणूक याचे चांगले उदाहरण आहे. जळगाव मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर सत्तावीस वर्षांची एक वकील मुलगी निवडून आली. मूळजी जेठा महाविद्यालयात शिकलेली, टेबल टेनिस खेळणारी. प्रतिभा पाटील. पालिकेशी त्यांचा संबंध नव्हता. पुढच्या निवडणुकीपासून त्या एदलाबादेत, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरात गेल्या आणि १९८५ पर्यंत तिथूनच निवडून येत राहिल्या. जळगाव शहर हा त्या पिढीसाठी एक मतदारसंघ होता, बालेकिल्ला नव्हता. शहराला स्वतःचा धनी अजून मिळायचा होता.

तो मिळण्याची तयारी कायद्याने केली. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपालिका अधिनियमाने राज्यभरच्या पालिका एका चौकटीत आल्या. १९७४ मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांनी निवडायची पद्धत आली. ती पुढे गेली, २००१ मध्ये परत आली, पुन्हा गेली, २०१६ मध्ये पुन्हा आली. दर वेळी कारण तेच होते: मुंबईत जे सत्तेवर असतील त्यांना जी पद्धत सोयीची ती लोकशाहीला पोषक. यातून गावोगावच्या मंडळींनी एक धडा घेतला. पालिका हातात ठेवायची तर मुंबईत आपला माणूस हवा, आणि मुंबईत टिकायचे तर पालिका हातात हवी.

हा धडा सुरेशकुमार भिकमचंद जैन यांच्याइतका कुणी पुरा पाठ केला नाही. जळगावात त्यांना सुरेशदादा म्हणतात. विरोधकही बोलताना दादाच म्हणतात. (ठिबक सिंचनाच्या उद्योगामुळे जगभर माहीत झालेले भवरलाल जैन ते वेगळे. बाहेरगावच्या लोकांचा हा घोटाळा नेहमी होतो.) १९८० मध्ये सुरेशदादा जळगावचे आमदार झाले. त्यानंतर २००९ पर्यंतची प्रत्येक सार्वत्रिक निवडणूक त्यांनी जिंकली. या प्रवासात पक्ष किती बदलले हे सांगायला थोडी दमछाक होते: आधी शरद पवारांची समाजवादी काँग्रेस, मग काँग्रेस, १९९९ मध्ये शिवसेना, २००४ मध्ये राष्ट्रवादी, २००९ मध्ये पुन्हा शिवसेना. चिन्ह कुठलेही असो, निकाल तोच. मतदार पक्षाला मत देतच नव्हता, हे एवढ्यावरून दिसते.

मग कशाला देत होता? जिल्ह्याच्या राजकारणावर लेवा पाटीदार आणि मराठा समाजाचा पगडा. जातीची बेरीज करून मारवाडी जैन व्यापाऱ्याच्या घरातला माणूस एकदा फार तर निवडून येईल, सात वेळा नाही. त्याला बेरीज करण्यासाठी दुसरे काहीतरी लागते, आणि ते पालिकेत होते. नळजोडणी, बांधकाम परवाना, पालिकेतली नोकरी, मक्ता, आणि या सगळ्यांहून मोठी गोष्ट म्हणजे बाजारातला गाळा.

गाळ्यांची कथा नीट समजून घेतल्याशिवाय जळगावचे राजकारण कळत नाही. पालिकेच्या मोक्याच्या जागांवर व्यापारी संकुले उभारायची आणि गाळे लांब मुदतीच्या कराराने द्यायचे, असा सपाटा लागला. फुले मार्केट, गांधी मार्केट, गोलाणी मार्केट, बी. जे. मार्केट म्हणजे भिकमचंद जैन मार्केट. आजही सुट्टीच्या दिवशी पाचोरा, एरंडोल, जामनेरहून खरेदीला येणारा माणूस यांतल्या एखाद्या संकुलात शिरतोच. पालिकेला पैसा मिळाला, शहराला बाजार मिळाला आणि गावात हजारो गाळेधारकांचा एक नवा वर्ग तयार झाला. त्याचा रोजचा धंदा पालिकेच्या ठरावावर अवलंबून होता. बाकीच्या जिल्ह्यांतले नगराध्यक्ष त्या काळात जळगावला येऊन हा प्रयोग पाहून जात. पण करारांना मुदत होती. यांतल्या अनेक संकुलांची मुदत २०१२ मध्ये संपली आणि भाडे किती, थकबाकी किती, नूतनीकरण कोणत्या दराने, हे घोंगडे त्यानंतर वर्षानुवर्षे भिजत पडले. ज्या गाळ्यांनी पालिका श्रीमंत व्हायची होती, त्यांच्याच वसुलीसाठी ती कोर्टाच्या पायऱ्या चढू लागली.

त्याच उमेदीच्या काळात पालिकेने विमानतळही हाती घेतला. सार्वजनिक बांधकाम खात्याने १९७३ मध्ये बांधलेली धावपट्टी १९९७ मध्ये जळगाव नगरपालिकेकडे आली. नगरपालिकेने विमानतळ चालवायचा, ही कल्पना आज ऐकतानाही गंमत वाटते. दहा वर्षांनी तो महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे गेला. वाघूर धरणाचे पाणी शहरात आणण्याची योजनाही याच दमाची. सुरेशदादांच्या समर्थकांचे म्हणणे असे की, दुसरा कुठलाही नेता असता तर जळगाव हे भुसावळ आणि चाळीसगावच्या मधले एक स्टेशन राहिले असते. हे म्हणणे सरसकट उडवून लावता येत नाही. या माणसाला शहराचे स्वप्न पडत होते, हे त्याचे टीकाकारही नाकारत नाहीत.

स्वप्नाचा खर्च मात्र कर्जातून भागत होता. हुडको म्हणजे केंद्र सरकारची गृहनिर्माण व नगरविकास वित्तसंस्था. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून पालिकेने तिच्याकडून कर्जामागून कर्ज उचलले. हप्ते थकले, व्याजावर व्याज चढले, प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणात गेले. पुढे एक वेळ अशी आली की पालिकेची बँक खाती गोठवली गेली आणि कर्मचाऱ्यांचे पगार रखडले. रस्त्यांवरचे खड्डे बुजवायला पैसा नाही, हे उत्तर जळगावकरांनी इतक्या वेळा ऐकले की ते त्यांना पाठ झाले. अखेर २०१९ मध्ये राज्य सरकारने मध्ये पडून एकरकमी परतफेडीचा मार्ग काढला.

मॉन्ट्रियलच्या लोकांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. कॅनडातल्या या शहराचे महापौर जाँ द्रापो हे १९५४ ते १९५७ आणि मग १९६० ते १९८६ असे पदावर होते. भुयारी रेल्वे, १९६७ चे जागतिक प्रदर्शन, १९७६ चे ऑलिम्पिक, सगळे त्यांच्या काळातले. ऑलिम्पिकला तूट येणे हे पुरुषाला मूल होण्याइतके अशक्य आहे, असे ते छातीठोकपणे सांगत. तूट आली. स्टेडियम वेळेत होईना म्हणून क्वेबेकच्या प्रांतिक सरकारला काम ताब्यात घ्यावे लागले आणि ते कर्ज तंबाखूवरच्या खास करातून फिटता फिटता २००६ साल उजाडले. चौकशी आयोगाने द्रापोंवर ठपका ठेवला. मॉन्ट्रियलकरांनी त्यानंतरही त्यांना निवडून दिले. भव्य इमारत बांधणाऱ्यावर लोक चटकन रागावत नाहीत. बिल फार उशिरा येते आणि बहुधा दुसऱ्याच्या कारकिर्दीत येते.

जळगावचे बिल घरकुलांच्या रूपाने आले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी अकरा हजारांहून अधिक घरे बांधण्याची योजना हाती घेतली. पैसा कर्जाचा, मक्तेदार खानदेश बिल्डर्स. घरे पुरी झाली ती जेमतेम दीड हजार. २००३ मध्ये पालिकेची महापालिका झाली, म्हणजे कारभाराच्या शिखरावर राज्याने नेमलेला आयुक्त आला. जुन्या व्यवस्थेत हा मोठा बदल होता. मुख्याधिकाऱ्याला नगराध्यक्षाचा शब्द मोडणे जड जात असे. आयुक्ताचे तसे नव्हते. फेब्रुवारी २००६ मध्ये तत्कालीन आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी शहर पोलिसांत फिर्याद दिली. तपास बरीच वर्षे रेंगाळला आणि मग एकदम वेगाने सुरू झाला.

याआधी एकदा वादळ येऊन गेले होते. २००३ मध्ये अण्णा हजारे यांनी चार मंत्र्यांविरुद्ध आझाद मैदानावर उपोषण केले, त्यांत सुरेशदादा होते. सुरेशदादांनीही हजारेंच्या विरोधात उपोषणाचेच हत्यार उपसले. उपोषणाला उपोषणाने उत्तर, असे दृश्य महाराष्ट्राने क्वचितच पाहिले असेल. निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला. २००५ च्या अहवालात आयोगाने सुरेशदादांसह तीन मंत्र्यांवर ठपका ठेवला आणि हजारेंच्या संस्थेच्या व्यवहारांवरही बोट ठेवले. शहरातला गड यातून हलला नाही.

तो हलला मार्च २०१२ मध्ये. घरकुल प्रकरणात सुरेशदादांना अटक झाली. त्याच महिन्यात राष्ट्रपती प्रतिभा पाटील आपल्या जुन्या मतदारसंघात आल्या आणि जळगावच्या नव्याने बांधलेल्या विमानतळाचे उद्घाटन करून गेल्या. १९६२ ची आमदार राष्ट्रपती होऊन आली होती आणि १९८० चा आमदार तुरुंगात होता. त्याच वर्षी गुलाबराव देवकरही याच प्रकरणात पकडले गेले. तेही पालिकेतूनच वर आलेले, राष्ट्रवादीचे, आणि तेव्हा राज्यमंत्री. विधानसभेत एकमेकांविरुद्ध बसणारे दोघे पालिकेच्या एकाच फायलीत सापडले, ही बाब बोलकी आहे. पालिकेत पक्ष कधीच फार खोल नव्हते.

तुरुंगातल्या नेत्याची आघाडी तरी हरेल, असा अंदाज होता. २०१३ च्या महापालिका निवडणुकीत सुरेशदादांची खानदेश विकास आघाडीच सर्वांत मोठी ठरली. विधानसभेचे गणित मात्र बदलले. २०१४ मध्ये चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले आणि भाजपच्या सुरेश भोळे यांनी तुरुंगातून लढणाऱ्या सुरेशदादांचा पराभव केला. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने अठ्ठेचाळीस जणांना दोषी ठरवले. सुरेशदादांना सात वर्षे कैद आणि १०० कोटी रुपये दंड, देवकरांना पाच वर्षे. शिक्षा झालेल्यांत माजी नगरसेवकांची रांगच होती. शिक्षेविरुद्ध अपिले उच्च न्यायालयात गेली आणि सुरेशदादांना तिथून जामीन मिळाला. निकालाचा कायदेशीर शेवट काय व्हायचा तो होवो. पण अठ्ठेचाळीस ही संख्या पाहिली की एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. हा एका माणसाचा खटला नव्हता. सभागृहात हात वर करणाऱ्या सगळ्या पद्धतीचा होता. ठराव समोर आला, वाचला न वाचला, हात वर झाला. ‘दादांनी सांगितले आहे’ हे कारण नगरसेवकाला पुरेसे वाटत होते. न्यायालयाला ते पुरले नाही.

तापीच्या पलीकडे, धुळे जिल्ह्यातल्या शिरपुरात याच वाटेचे दुसरे रूप पाहायला मिळते. अमरीशभाई पटेल १९८५ मध्ये शिरपूरचे नगराध्यक्ष झाले. १९९० पासून सलग चार वेळा आमदार, मधे शालेय शिक्षणमंत्री. घरच्यांनीही नगराध्यक्षपद भूषवले. भाऊ भूपेशभाई, पत्नी जयश्रीबेन. किल्ल्या इथेही घरातच राहिल्या. फरक एवढाच की शिरपूरची पालिका कर्जात बुडाली नाही. शहरात शाळा-महाविद्यालये आली, गिरण्या आल्या, तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद-खोल करून पाणी अडवण्याचा ‘शिरपूर पॅटर्न’ उभा केला आणि तो पाहायला राज्यभरातून लोक आले. घराणेशाही वाईटच, हे वाक्य शिरपुरात जाऊन जोरात म्हणणे कठीण जाते. पण एका घराच्या चांगुलपणावर गाव चालत असेल, तर उद्या ते घर बदलले की काय, या प्रश्नाला शिरपूरकडेही उत्तर नाही.

पटेलांच्या कारकिर्दीतले एक वळण फार सुंदर आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत शिरपूर अनुसूचित जमातींसाठी राखीव झाले. २००९ मध्ये तिथून काशीराम पावरा निवडून आले. पटेलांनी लोकसभा लढवली, हरले, आणि मग विधान परिषदेत गेले ते स्थानिक प्राधिकारी संस्थांच्या मतदारसंघातून. या मतदारसंघात मतदार कोण? धुळे-नंदुरबारचे नगरसेवक, जिल्हा परिषदांचे सदस्य आणि पंचायत समित्यांचे सभापती. म्हणजे ज्याच्या हाती पालिका, त्याच्या हाती आमदारकी, हे सूत्र कायद्यानेच लिहून ठेवले आहे. २०१९ मध्ये त्यांनी काँग्रेस सोडून भाजप गाठला, २०२० ची पोटनिवडणूक जिंकली आणि २०२१ मध्ये बिनविरोध निवडून आले. पक्ष बदलला, मतदार नगरसेवक तेच.

धुळे शहराचे तसे नाही. धुळ्याला एकच एक धनी फार काळ कधी मिळाला नाही. मालेगावचा शेजार, यंत्रमाग, मिश्र वस्ती, पाण्याची कायमची टंचाई, या सगळ्यात शहर कुणा एकाच्या मुठीत मावत नाही. पत्रकारितेतून आलेले अनिल गोटे यांनी आपल्या लोकसंग्राम पक्षाच्या नावावर २००९ मध्ये आणि भाजपच्या चिन्हावर २०१४ मध्ये विधानसभा जिंकली. २०१८ च्या महापालिका निवडणुकीत ते स्वतःच्याच पक्षाविरुद्ध उभे ठाकले, कारण सूत्रे जामनेरचे भाजपचे मंत्री गिरीश महाजन यांच्याकडे दिली गेली होती. भाजपला ७४ पैकी ५० जागा मिळाल्या, लोकसंग्रामला एक. पुढच्या वर्षी विधानसभेत धुळे शहरातून एमआयएमचे डॉ. फारूक शाह निवडून आले. गोटे यांना आमदारकी मिळाली, पालिका कधीच नाही. खानदेशच्या हिशेबात अशी आमदारकी कच्चीच.

महाजनांनी त्याच २०१८ मध्ये जळगावही घेतले होते. ७५ पैकी भाजप ५७, सुरेशदादांना मानणारी शिवसेना १५, एमआयएम ३. चार दशकांची सत्ता एका मतमोजणीत गेली. जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांची दोरी पन्नास हजार वस्तीच्या जामनेरात जाऊन बांधली गेली, आणि महाजन तरी कुठून आले होते? जामनेरच्या ग्रामपंचायतीतून. पण ५७ चा आकडा टिकला नाही. मार्च २०२१ मध्ये भाजपचे सत्तावीस नगरसेवक फुटले, रीतीप्रमाणे सहलीला गेले, आणि शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी महापौर झाल्या. हिवाळा असता तर भरीत-पुरीच्या पंगतीत हे ठरले असते. कोरोनामुळे मतदान ऑनलाइन झाले.

वर गेलेला माणूस जुन्या सभागृहाकडे कसा पाहतो, याचा एक नमुना टोरांटोत पाहायला मिळाला. डग फोर्ड २०१० ते २०१४ तिथे नगरसेवक होते. जून २०१८ मध्ये ते ओंटारियो प्रांताचे प्रमुख झाले आणि काही आठवड्यांत, पालिकेची निवडणूक सुरू असतानाच, त्यांनी टोरांटोच्या नगरसेवकांची संख्या ४७ वरून २५ वर आणण्याचा कायदा केला. २०२१ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो वैध ठरवला, कारण तिथल्या राज्यघटनेत पालिका ही प्रांताच्या अखत्यारीतली बाब आहे. आपल्याकडे १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकांना घटनेत जागा दिली, दर पाच वर्षांनी निवडणूक सक्तीची केली. प्रत्यक्षात २०२२ मध्ये एका सरकारने नगरसेवकांची वाढवलेली संख्या दुसऱ्या सरकारने काही महिन्यांत रद्द केली, ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला, आणि २०२३ मध्ये मुदत संपलेल्या जळगाव आणि धुळे महापालिका दोन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती राहिल्या. त्या काळात या दोन्ही शहरांत आमदार होते, मंत्री होते, नगरसेवक एकही नव्हता. शहर चालले नाही असे नाही. पण नळाला पाणी का नाही हे विचारायला गल्लीतला कुणी उरला नाही आणि मंत्र्याच्या बंगल्यापुढची गर्दी वाढली.

सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ मधल्या आदेशानंतर निवडणुका लागल्या. डिसेंबर २०२५ मध्ये आधी नगरपालिकांचे मतदान झाले, नगराध्यक्ष पुन्हा थेट लोकांतून. जामनेरला मंत्री गिरीश महाजन यांच्या पत्नी साधना महाजन बिनविरोध नगराध्यक्ष झाल्या. दोंडाईचाला मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री नयनकुंवर रावल बिनविरोध, आणि त्यांच्यासोबत सगळे सभागृहच बिनविरोध. भुसावळला मंत्री संजय सावकारे यांच्या पत्नी रजनी सावकारे उभ्या होत्या. तिथे मतदान झाले आणि नगराध्यक्षपदी राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाच्या गायत्री भंगाळे निवडून आल्या.